जुन्या साड्या, पुठ्ठे, बाटल्या आणि सणांची सजावट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गौरी-गणपती जवळ आले की प्रश्नांचा ओघ सुरू होतो आणि तुळशीचं लग्न लागेपर्यंत थांबत नाही. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे, मग अडचणीचे. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात परत लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ताई, सुरुवात करायची आहे. बाजारातून काय काय सामान आणू?

शक्यतो काहीच नको. घरातली सुई, एक दाभण, जाड सुती दोरा, सुतळी, कात्री आणि पुठ्ठा कापायला कटर एवढ्यात या पानावरची जवळजवळ सगळी कामं होतात. चिकटवायला खळ घरीच शिजते (प्रश्न ३). जुन्या बाटलीला सजवायला दोनशे रुपयांची लेस, मोती, स्प्रेचा रंग आणि चमकी आणली तर आपण बाटली वाचवली नाही, नवी खरेदी केली. चमकी तर मुळीच आणू नका. बहुतेक चमकी म्हणजे प्लास्टिकचा चुरा असतो, तो केरात, मोरीत आणि शेवटी नदीत जातो.

२. ग्लू गनला तुमचा इतका विरोध का? काम किती पटकन होतं!

पटकन होतं, मान्य. पण त्या वस्तूचं पुढे काय होणार ते बघा. नुसता पुठ्ठा रद्दीवाला घेतो, नुसती बाटली भंगारवाला घेतो, धडके कपडे बोहारीण नेते. बाटलीवर सुतळी, सुतळीवर लेस, लेसवर प्लास्टिकचे मोती असं सगळं गरम गोंदाने घट्ट बसवलं की तिला कोणीच हात लावत नाही. दोन वर्षं धूळ खाऊन ती थेट कचराडेपोत जाते. ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणून केलेल्या निम्म्या वस्तू मला तरी ‘टाकाऊतून आणखी टाकाऊ’ वाटतात.

म्हणून माझा एकच आग्रह असतो: जी जोडणी पुढच्या वर्षी सोडवता येईल तीच करा. बांधलेलं सोडता येतं, शिवलेलं उसवता येतं, खाचेत अडकवलेलं काढता येतं. कागदाला कागद जोडायचा असेल तर खळ लावा. पाण्यात भिजवलं की ती सुटते. शिवाय ग्लू गनचा गोंद उष्णतेने मऊ पडतो. दिव्याजवळची किंवा उन्हात टांगलेली वस्तू ऐन सणात सुटून पडते ती त्यामुळेच.

३. खळ कशी करायची? आमच्या खळीला दोन दिवसांत वास येतो.

दोन मोठे चमचे मैदा आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडेपर्यंत कालवा. मग एक कप पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळत शिजवा. पांढरेपणा जाऊन ती जरा पारदर्शक, चकचकीत दिसू लागली की उतरवा. चिमूटभर तुरटीची पूड घातली की जरा जास्त टिकते, फ्रिजमध्ये तीन-चार दिवस. लागेल तेवढीच करणं सगळ्यात बरं.

जुने पुस्तकबांधणीवाले किडीसाठी खळीत मोरचूद घालत. ते विषारी असतं, लहान मुलं असलेल्या घरात नको. आणि खळ कितीही चांगली झाली तरी झुरळं आणि कसर तिच्यावर येतातच, त्यामुळे वर्षभर भिंतीवर राहणाऱ्या वस्तूला शिवण किंवा सुतळी वापरा.

४. मखरासाठी थर्माकोल चालतो का? बाजारात अजून दिसतो म्हणून विचारते.

नाही. महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या अनेक वस्तूंबरोबर सजावटीच्या थर्माकोलवरही बंदी घातली. त्या वर्षी गणेशोत्सवापुरती सूट मिळावी म्हणून व्यावसायिक उच्च न्यायालयात गेले होते, सूट मिळाली नाही. पुढे १ जुलै २०२२ पासून केंद्राने देशभर बंद केलेल्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या यादीतही सजावटीचा थर्माकोल आहे. बाजारात दिसतो म्हणजे चालतो असं नाही.

५. मग माळ्यावर पडलेल्या जुन्या थर्माकोलच्या मखराचं काय करू?

आरास म्हणून पुन्हा मांडू नका, राज्याच्या बंदीत वापरही येतो. तुकडे न करता मोठ्या पिशवीत बांधून सुक्या कचऱ्यात द्या. चुरा झाला की तो गोळा होत नाही, वाऱ्यावर उडत राहतो. जाळू तर अजिबात नका, धूर विषारी असतो. पेट्रोलमध्ये विरघळवून ‘घरगुती गोंद’ करायचे व्हिडिओ फिरतात, त्यांच्याही वाटेला जाऊ नका. पेट्रोलची वाफ आणि स्वयंपाकघरातला गॅस एका घरात असताना हे प्रयोग कशाला? कुंडीच्या तळाशी घालायचा सल्लाही मला पटत नाही, कुंडी रिकामी करताना त्याचे मणी मातीभर होतात.

६. पुठ्ठ्याचं मखर करते, पण भाद्रपदातल्या दमट हवेत ते वाकतं. उपाय?

पुठ्ठा वाकतो त्याची कारणं बहुतेक तीन. पहिलं, कापताना दिशा चुकते. खोक्याच्या पुठ्ठ्याच्या आत नागमोडी कागदाच्या बारीक नळ्या असतात. खांब आणि मागची पाठ कापताना या नळ्या उभ्या आल्या पाहिजेत. आडव्या आल्या तर खांब मधेच दुमडतो. जाडी हवी असेल तर दोन पुठ्ठे घ्या, एकाच्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या.

दुसरं, आपण एकाच बाजूला खळ किंवा पाण्याचा रंग लावतो. ती बाजू सुकताना आकसते आणि पुठ्ठा तिकडे ओढला जातो. समोर रंगीत कागद लावलात तर मागेही साधा वर्तमानपत्राचा कागद लावा, मग ओढ दोन्हीकडे सारखी राहते. सुकताना वर जड पुस्तकं किंवा पाट ठेवा.

तिसरं, मखर थेट फरशीवर ठेवलं जातं. पावसाळ्यात फरशी ओलसर असते, आणि दहा दिवस फुलं, दूर्वा, अभिषेकाचं पाणी तिथेच असतं. पाटावर किंवा चौरंगावर उभारा.

जोडणीसाठी खाचा पाडा: एका तुकड्याला वरून अर्ध्यापर्यंत, दुसऱ्याला खालून अर्ध्यापर्यंत, आणि एकमेकांत बसवा. विसर्जनानंतर सगळं सपाट होतं, जुन्या चादरीत गुंडाळून कपाटामागे जातं. फ्रिजचं किंवा वॉशिंग मशीनचं खोकं मिळालं तर सोन्याहून पिवळं. विजेच्या वस्तूंच्या दुकानदाराला आधी सांगून ठेवा, तो आनंदाने देतो.

खरं सांगायचं तर मला पुठ्ठ्याच्या कोरीवकामापेक्षा साडीचं मखर आवडतं. चार काठ्यांचा सांगाडा, मागे काठापदराची साडी निऱ्या घालून सोडलेली, वर दुसरीची झालर. टाचण्या आणि दोरा एवढंच लागतं. गौरी उठल्या की साडी झटकून परत कपाटात.

७. गोव्यातल्या माटोळीसारखं काही फ्लॅटमध्ये जमेल का?

जमेल, आणि जमवाच. गोव्यात चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली फळं, भाज्या, औषधी वनस्पती, सुपाऱ्यांचे घोस, नारळ बांधतात. चौकट वर्षानुवर्षं तीच. बांधलेलं सगळं एकतर खाल्लं जातं, नाहीतर मातीत जातं. गोंद नाही, रंग नाही, कचराही नाही.

फ्लॅटच्या छताला वजन पेलणारा हूक असेलच असं नाही, म्हणून छताऐवजी मखराच्या चार काठ्यांवरच हलकी चौकट बांधा. तिला काकडी, दोडका, भेंडी, केळ्याची फणी, आंब्याचे डहाळे, भाताच्या लोंब्या लावा. नारळ आणि भोपळा मात्र खालीच ठेवा, मूर्तीवर पडायला नकोत. रानातली ओळख नसलेली फळं आणू नका, काही विषारी असतात आणि घरात मुलं असतात.

८. ढीगभर लग्नपत्रिका साठल्यात. कंदील होईल का? आणि पत्रिकेवरचा गणपती कापायचा कसा?

पत्रिकेचा कागद जाड, त्यातून उजेड फारसा येत नाही. म्हणून पूर्ण कंदील न करता त्याच्या कडा, नक्षीच्या पट्ट्या आणि टोकं पत्रिकांची करा. मधले पडदे पतंगाच्या कागदाचे किंवा जुन्या सुती ओढणीचे घ्या. मखमली किंवा प्लास्टिकचा पातळ थर दिलेल्या पत्रिका खळीने चिकटत नाहीत. त्यांना भोकं पाडून दोऱ्याने ओवा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे मागच्या वर्षीचा कंदील शोधा. कागद फाटलेला असतो, कामट्यांचा सांगाडा बहुधा धड असतो. ओल्या फडक्याने जुना कागद सोडवा, सुटलेल्या गाठी दोऱ्याने आवळा, नवा कागद लावा, झिरमिळ्या जुन्या ओढणीच्या काढा. एक चांगला सांगाडा पाच-सहा दिवाळ्या सहज काढतो.

गणपतीच्या चित्राबद्दल अनेकांच्या मनात चलबिचल असते. चित्र अख्खं ठेवून त्याभोवतीचा भाग कापा आणि ती चित्रं दाराच्या तोरणात ओवा किंवा आहेराच्या पाकिटांवर लावा. पायाखाली येईल किंवा कचऱ्यात जाईल अशा वस्तूत ती नकोत.

९. घरच्या कंदिलात कोणता दिवा लावावा?

५ ते ७ वॉटचा एलईडी. जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब खूप तापतो, कागदाला टेकला तर पेट घेऊ शकतो. एलईडीचीही बैठक गरम होते, म्हणून वर-खाली हवा जायला जागा ठेवा आणि दिवा कागदापासून चार बोटं दूर राहील असा बांधा. कागदी कंदिलात पणती किंवा मेणबत्ती नाही, फोटोपुरतीसुद्धा नाही. परतीचा पाऊस कधीकधी दिवाळीत गाठतो, त्यामुळे कंदील छताखाली टांगा आणि वायरचा जोड उघडा ठेवू नका.

१०. आजीसारखी गोधडी शिवायची आहे. किती साड्या लागतात आणि सुरुवात कुठून करायची?

एका माणसाच्या गोधडीला दोन सुती साड्या पुरतात. पाचवारी साधारण पाच-साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आत-बाहेर रुंद असते. लांबीत मधोमध दुमडली की अडीच मीटरचे दोन थर मिळतात. एका साडीचा खालचा आणि वरचा थर, दुसरीचे दोन थर मध्ये. असे चार थर पुण्या-मुंबईच्या थंडीला पुष्कळ. नाशिक किंवा महाबळेश्वरकडे असाल तर मध्ये आणखी एक धोतर किंवा चादर घाला. नऊवारी लुगडं मिळालं तर आठ मीटरच्या वर कापड हाती येतं, त्याच्यासारखं सुख नाही. विरलेल्या साड्या आत, बऱ्या असलेल्या वर. आत फाटकं कापड चालतं, उलट फाटक्याला तीच योग्य जागा.

सगळं कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. एखादं नवं सुती कापड असेल तर त्याला धुण्यावाचून गत्यंतर नाही. शिवल्यावर ते आटलं तर सगळी गोधडी गोळा होते.

मग फरशी पुसून खालचा थर पसरा, कडांवर वजन ठेवून ताणा, एकेक थर वर घालत हाताने मधून बाहेर सुरकुत्या काढा. लांब टाक्यांनी सगळीकडे कच्चा दोरा घाला. ही पायरी गाळली की शिवताना थर सरकतात आणि शेवटी मध्ये फुगा राहतो. कडा आत दुमडून पक्क्या करा आणि धावदोरा कडेने घालत आत आत या, चौकोनात चौकोन. ओळींत दोन बोटांचं अंतर ठेवा. टाका बारीक असला तर गोधडी टिकते, मोठा असला तर अंगावर मऊ पडते. माझं मत विचाराल तर टाके थोडे वाकडे येऊ द्या. एकसारखे टाके यंत्रही घालतं.

वेळेचं म्हणाल तर रोज तासभर बसलात तर महिना-दीड महिना जातो. दोघी समोरासमोर बसलात तर काम लवकर होतं आणि गप्पाही होतात. दक्षिण महाराष्ट्रात हिलाच वाकळ म्हणतात.

११. गोधडीला किंवा सजावटीला कोणती साडी कापू नये?

नायलॉन आणि पॉलिएस्टर गोधडीत नको, घाम शोषला जात नाही. शंका असेल तर कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून मोरीत जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळून राख होते, रेशमाला जळलेल्या केसांचा वास येतो, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. सिंथेटिक साड्यांच्या पिशव्या, मखराचे पडदे, झालरी उत्तम होतात.

जुनी पैठणी किंवा शालू कापण्याआधी जर तपासा. खऱ्या जरीत चांदीची तार असते आणि तिला सोन्याचा मुलामा दिलेला असतो. तार हलकेच खरवडली आणि आत पांढरट निघाली तर चांदी, लालसर निघाली तर तांबं. खरी जर असेल तर कापड विरलं तरी काठपदर अखंड उतरवून दुसऱ्या साडीला लावता येतात. जुनी जर विकत घेणारेही असतात, पण तो निर्णय घरात विचारून घ्या. आईची साडी होती आणि कापवत नाही, असंही बऱ्याच जणी लिहितात. मग कापू नका. प्रत्येक गोष्टीचं काहीतरी केलंच पाहिजे असा नियम नाही.

१२. उरलेल्या चिंध्यांचं काय?

मोठ्या पट्ट्यांची वेणी घालून, ती गोल फिरवत दाभणाने शिवून पायपुसणं. मध्यम तुकड्यांच्या छोट्या पिशव्या, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून द्यायला. प्लास्टिकच्या डब्यांपेक्षा त्या खरंच वापरल्या जातात. अगदी बारीक कतरण उशीत.

१३. कागदाच्या लगद्याच्या टोपल्या आजी करायची, त्यात मेथी का घालायची?

मेथ्या भिजवून वाटल्या की बुळबुळीत चिकट होतात, त्यामुळे लगदा धरून राहतो. आणि मेथीच्या कडू वासामुळे किडेही लांब राहतात. वर्तमानपत्र फाडून रात्रभर भिजवा, पाणी बदला, पिळून पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये वाटा. पाच-सहा मुठी लगद्याला मूठभर भिजवलेल्या मेथ्यांचं वाटण आणि हवी तर थोडी मुलतानी माती. पालथ्या पातेल्यावर आधी ओलं फडकं घाला, त्यावर बोटभर जाड लगदा थापा. एक दिवस सावलीत आणि मग उन्हात वाळवा. थेट कडक उन्हात ठेवलं तर तडे जातात. पावसाळ्यात करू नका, बुरशी येते. शाईच्या कागदाची टोपली आहे, म्हणून त्यात लसूण-कांदे ठेवा, भाकरी-पोळ्या नको.

१४. मग लगद्याचीच गणेशमूर्ती का नको? कागद पर्यावरणपूरकच ना?

टोपली घरात राहते, मूर्ती पाण्यात जाते, फरक तिथेच आहे. छापील कागदाचा लगदा पाण्यात बारीक कणांत पसरतो, शाईतले पदार्थ पाण्यात उतरतात आणि कागद कुजताना पाण्यातला प्राणवायू खर्च होतो. राज्य सरकारने २०११ मध्ये कागदी मूर्तींना उत्तेजन देणारा निर्णय काढला होता, त्याला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये स्थगिती दिली.

शाडूची मूर्ती घ्या, घरी बादलीत विसर्जन करा. खाली बसलेली माती गाळून, वाळवून ठेवली की पुढच्या वर्षी मूर्तीला वापरता येते. कुंडीत मात्र ओतू नका, शाडू चिकट असल्याने पाण्याचा निचरा थांबतो आणि मुळं कुजतात.

१५. ती माती दिवाळीच्या किल्ल्याला चालेल का?

चालते, साध्या मातीत मिसळून. काहींना ते रुचत नाही, त्यांनी तुळशीवृंदावन लिंपायला वापरावी. किल्ल्याला सिमेंट आणि रंगाची पोती नकोतच. आत विटा, दगड, मोडकी खोकी, वर चिखलात बुडवलेलं गोणपाट, आणि वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी आळीव किंवा मोहरी पेरा म्हणजे वेळेवर हिरवळ येते. मातीचे मावळे कागदात गुंडाळून जपा, तुटलेल्या हाताचा मावळाही पहाऱ्यावर उभा राहतो.

१६. दोरा आणि स्पिरिट वापरून काचेची बाटली कापायचा व्हिडिओ पाहिला. करू का?

नको. काच हवी तिथे न तडकता हवी तशी तडकते, आणि पेटलेलं स्पिरिट हातावर येतं. बाटली अख्खीच वापरा: मनीप्लांटला, लांब दांड्याच्या फुलांना, आत एलईडीची माळ सोडून दिवा म्हणून. लेबल निघत नसेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून अर्धा तास बुडवा, उरलेल्या चिकटपणावर खोबरेल तेल चोळा.

१७. प्लास्टिकच्या बाटल्यांच्या टांगत्या कुंड्या कशा आहेत?

सावलीच्या खिडकीत ठीक. उन्हात ते प्लास्टिक ठिसूळ होतं, मग बोट लावलं तरी तुकडे पडतात आणि ते मातीत मिसळतात. भंगारात गेलेल्या स्वच्छ बाटलीपासून निदान नवं काही बनतं, माती लागलेल्या फुटक्या बाटलीपासून काहीच नाही. कुंडीच हवी तर करवंट्या घ्या, ‘डोळ्याला’ भोक पाडलं की पाणी निथळतं. करवंटीत थेट तेल घालून वात लावू नका, ती स्वतःच पेटते.

१८. मागच्या वर्षीच्या तेलकट, काळ्या पणत्या पुन्हा वापरता येतात?

येतात. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून रात्रभर भिजवा, नारळाच्या शेंडीने घासा, दोन दिवस ऊन द्या. तेलाने भरलेली पणती उलट कमी तेल पिते. रंगवायच्या असतील तर गेरू आणि चुना पुरे.

१९. मुलाला कार्यानुभवासाठी ‘टाकाऊतून टिकाऊ’ वस्तू करायची आहे. आइस्क्रीमच्या काड्या कुठे मिळतील?

स्टेशनरीच्या दुकानात, नव्याकोऱ्या, पन्नासच्या पाकिटात! यातली गंमत शिक्षकांच्याही लक्षात येत असेल. त्याऐवजी मुलाला घरातल्या सुक्या कचऱ्याच्या डब्यासमोर बसवा आणि त्यातूनच वस्तू निवडायला सांगा. वस्तू बेढब होईल, पण त्याची असेल. पुठ्ठ्याचा खाचांचा पेनस्टँड तिसरीतल्या मुलाला एकट्याने जमतो (खाचा कशा पाडायच्या ते प्रश्न ६ मध्ये आहे). कटर मात्र तुम्ही धरा.

२०. वाड्याचं जुनं दार आणि कारखान्यातल्या लाकडी पॅलेट्स मिळताहेत. टेबल करू का?

आधी रंग आणि शिक्का बघा. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) सक्तीची मर्यादा भारतात नोव्हेंबर २०१७ पासून आली. त्याआधीच्या तैलरंगात शिसं असू शकतं. म्हणून जुनं दार कोरडं घासू नका, आगीच्या झोताने रंग जाळू नका. ओल्या पॉलिश पेपरने, तोंडाला मास्क बांधून, घराबाहेर घासा. लहान मूल किंवा गरोदर बाई घरात असेल तर हे काम सुताराकडेच द्या.

परदेशातून माल घेऊन आलेल्या पॅलेटवर शिक्का असतो. ‘एचटी’ म्हणजे लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं, ते घ्या. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड वायूची प्रक्रिया, ते घरात नको. शिक्काच नसेल आणि रसायनाचा किंवा तेलाचा डाग दिसत असेल तर फुकट मिळालं तरी सोडून द्या.

२१. सासूबाई म्हणतात, देवापुढे जुनं-पानं मांडू नये. काय सांगू?

वाद घालू नका, विभागणी करा. मूर्तीखालचं वस्त्र आणि चौरंगावरचं आसन नवं किंवा सोवळ्यातलं घ्या. मागचा पडदा, खांब, झालर जुन्या साड्यांची, आधी स्वच्छ धुऊन. आणि शक्य असेल तर मागच्या पडद्याला सासूबाईंचीच एखादी ठेवणीतली साडी मागा. बऱ्याच घरांत त्यानंतर मखर कसं उभारायचं ते त्याच सांगू लागतात.